बाप गेलेला माणूस रस्त्यावर नसतो

तुम्ही माझ्या नवऱ्याला त्याच्या बापाच्या तिरडीला हात लावू दिला नाहीत. हे आधी लिहून टाकते, म्हणजे पुढे काय वाचायचंय ते तुम्हाला कळेल आणि मध्येच कागद बाजूला ठेवायचा असेल तर आत्ताच ठेवता येईल.

तुमचं नाव मी लिहीत नाही. आपल्या ख्रिस्ती मंडळीत ते कोणी घेतही नाही, सगळे ‘साहेब’ म्हणतात. वर्षातून दोनदा तुम्ही रत्नागिरीला येता, तेव्हा कुवारबावला रंगाच्या दुकानावरच्या हॉलमध्ये तुमच्यासाठी वेगळी खुर्ची मांडतात आणि तिच्यावर पांढरा टॉवेल घालतात. तो टॉवेल मी धुते. मी राही. ओमकारची बायको. ओमकार मिरकरवाड्याच्या जेटीवरून मासळीचा टेंपो चालवतो. त्याला तुम्ही चांगलं ओळखता, त्याच्या खांद्यावर हात ठेवून तुम्ही फोटो काढलाय.

मागच्या महिन्यातल्या शुक्रवारची गोष्ट. भातकापणी उरकली होती. सकाळी माझ्या नणंदेचा, ज्ञानेश्वरीचा फोन आला. ती मुंबईला नोकरीला असते, पण बाबांचं दुखणं वाढलं म्हणून रजा टाकून गावी आली होती. आमचं गाव लांज्याच्या आत आहे, एस्टी फाट्यावर सोडते आणि पुढे चालत.

“वहिनी, डॉक्टर म्हणाले घरी न्या. शुद्ध हाय, पण सारखं दादाला विचारतायत. आता बसू नका, निघा.”

ओमकार नुकताच जेटीवरून आला होता. बर्फाच्या पाण्याने पँट भिजलेली. ऐकलं आणि त्याने तशीच चप्पल घातली. मग मला म्हणाला, “तू एस्टीने हो पुढे. मी पास्टरांची प्रार्थना घेतो आणि बाईकवरून येतो. तुझ्या आधी पोचेन बघ.”

बाहेरच्या माणसाला हे कळायचं नाही. बाप जायला लागलाय आणि हा प्रार्थना कसली घेतो? पण आमच्यात तसंच आहे. टेंपो घेतला, प्रार्थना. पोरीला डॉक्टरकडे न्यायची, प्रार्थना. बोअरिंग मारायची, मशीनवर हात ठेवून प्रार्थना. हातखंब्याच्या पुढे हायवेवर कोण कसा गाडी मारतो ते तुम्हाला ठाऊक आहे, तेव्हा लांज्याला जायचं असलं तरी प्रार्थना. न घेता निघालं तर दिवसभर काहीतरी घरी राहिल्यासारखं वाटतं. त्यात मलाही काही वावगं वाटलं नाही. मी निघाले.

गावी पोचले तर बाबा पडवीत खाटेवर होते. रावजी, माझे सासरे. अंगाने आधीच किरकोळ, आता तर चादरीखाली कोणी आहे की नाही असं वाटत होतं. आई पायाशी बसून तळवे चोळत होत्या.

“आला?” बाबांनी विचारलं.

“मागनं येतायत, बाबा. बाईकवर हायत.”

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं झोपले. मग डोळे न उघडताच म्हणाले, “राही, त्याला भ्या वाटत असंल. तुमच्यात चालत नाय ना आमचं काय. त्याला सांग. आगीचं मी पुतन्याला सांगितलंय. मडकं त्याला कोन धरायला लावनार नाय. नमस्कार पन नको करू म्हनावं. नुसता ये, नि हितं बस.”

“सांगते बाबा.”

“तुमच्या प्रार्थनेत पयलं नाव बापाचंच घेतात ना? मी आयकलंय खिडकीतनं.” आणि ते हसले. “मग बापाचं काय वाकडं हाय तुमच्या देवाला?”

आई म्हणाल्या, “बोलू नका वो एवढं. दम लागतो.”

“आता नाय बोलायचं तर कधी बोलू, येसू?”

मी अंगणात येऊन फोन लावला. वाजला, उचलला नाही. पुन्हा लावला. गाडीवर असेल म्हटलं. मग ज्ञानेश्वरीने लावला. मग आम्ही दोघी आळीपाळीने लावत बसलो. दुपारी जेवणं व्हायच्या आधी बाबा गेले. शेवटी त्यांनी काही विचारलं नाही. दाराकडे बघत होते एवढंच.

आमच्याकडे माणूस गेलं की त्याच दिवशी उचलतात. वाडीतल्या घराघरातून लाकूड येतं, कोणी बांबू तोडायला जातो, कोणी मुंबईवाल्यांना फोन करतो. सगळी वाडी हलत असते, घरातला मुलगा तेवढा हलत नाही. तो पडवीच्या खांबाला टेकून बसलेला असतो. चहा दिला तर बाजूला ठेवतो. त्याला कोणी पाणी आणायलासुद्धा पाठवत नाही. त्या दिवशी त्या खांबाला टेकून कोणी बसलं नव्हतं. जो येई तो आधी खांबाकडे बघे, मग माझ्याकडे.

गावकीतले एक म्हातारे, नात्याने माझे चुलतसासरे लागतात, ते म्हणाले, “काय गो राही, तुमच्यात बापूस मेला तर सुट्टी नाय मिळत काय?”

दोघेतिघे हसले. मला राग आला नाही, खरं सांगते. मी त्यांच्या जागी असते तर याहून वाईट बोलले असते. आई आतून म्हणाल्या, “येनार तो. थांबा.” आणि थांबले सगळे. जे गाव आम्हाला वाळीत टाकणार असं तुम्ही प्रवचनात सांगता, ते गाव थांबलं. ऊन काजूंच्या पलीकडे उतरलं, गडी माणसं उभी राहून कंटाळली, कुणाकुणाची गुरं सोडायची होती, तरी थांबले. मग म्हातारे स्वतःच आईंकडे जाऊन म्हणाले, “येसूबाय, अंधार पडंल गो.” आईंनी मान हलवली. तेव्हा उचललं. पुढच्या खांद्याची जागा पुतण्याने घेतली.

आता हॉलमधलं सांगते. हे मला विमलाबाईंनी सांगितलं. विमलाबाईंचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या ख्रिस्ती, जुन्या चर्चचं. आपल्याकडे शुक्रवारी फक्त गाण्यांसाठी येतात, आणि ते तोंडावर सांगतात. “उपदेशाच्या वेळी मी झोपते,” म्हणतात, “पण त्या दिवशी नेमकी जागी होते.”

ओमकार दारात आला, हेल्मेट हातातच. शुक्रवारची उपास-प्रार्थना सुरू झाली होती. म्हणाला, “पास्टर, पटकन प्रार्थना करा. बाबा जायला लागलेत.”

पास्टर सुधाकर उठलेसुद्धा. हात वर केला. मग त्यांच्या मनात काय आलं कोण जाणे, हात खाली घेतला आणि म्हणाले, “थांब, साहेबांना विचारून घेऊ. तिथे विधी वगैरे असतील.” आणि तुम्हाला फोन लावला. स्पीकरवर.

तुम्ही गाडीत होतात. विचारलंत, “बाप विश्वासात आहे का?” पास्टर म्हणाले नाही. विचारलंत, “तिथे त्यांचे संस्कार होणार का?” पास्टर म्हणाले होणार. मग तुम्ही येशूचं ते वचन सांगितलंत. मेलेल्यांना आपले मेलेले पुरू दे, तू माझ्यामागे ये. “ही परीक्षा आहे, भाऊ,” म्हणालात. “परीक्षेत उभा राहा. आज उपासाला बस.”

ओमकार म्हणाला, “साहेब, ते अजून गेलेले नाहीत.”

तुम्ही म्हणालात, “विश्वासात नाही तो गेलेलाच आहे.” आणि मग गाडीत कोणाला तरी म्हणालात, “एसी जरा कमी कर.”

विमलाबाई हे सगळं तुमच्या आवाजात करून दाखवतात. हसू येईल असं करतात. मला आलं नाही.

मग सगळे त्याच्याभोवती जमले. कोणी डोक्यावर हात ठेवले, कोणी खांद्यावर, कोणी पाठीवर. बायका रडल्या. मी या लोकांना ओळखते, ते वाईट नाहीत. माझ्या बाळंतपणात याच बायकांनी डबे आणले. त्यांनी प्रेमानेच हात ठेवले असणार. पण रागाने कोणी दाबून धरलं तर माणूस झटकून उठतो. प्रेमाने ठेवलेल्या इतक्या हातांखालून उठायला ओमकारला जमलं नाही. उपासाच्या दिवशी मोबाईल दारातल्या टोपलीत टाकायचे असा आपला नियम. त्याचा फोन पास्टरांनी टोपलीत टाकला.

“थरथरत होता ग तो सारखा,” विमलाबाई म्हणाल्या. “टोपलीत उंदीर सापडल्यासारखा. मी म्हटलं सुद्धा, कोणाचा तरी वाजतोय. तर मला गप्प बसवलं, म्हणे सैतान विघ्नं आणतो.”

संध्याकाळी उपास सुटला. ओमकारने फोन बघितला आणि बाईक काढली. हातखंब्यापर्यंत गेला असेल, तेव्हा ज्ञानेश्वरीचा फोन लागला. ती म्हणाली, “येऊ नको दादा आता. झालं सगळं.” तिथून तो परत फिरला. एवढंच. यात आरडाओरडा नाही, भांडण नाही. कोणी कोणाच्या अंगावर गेलं नाही. म्हणून तर कोणाला चुकल्यासारखं वाटत नाही.

त्यानंतर तुम्ही आलात. खुर्ची, टॉवेल, माईक. तुम्ही ओमकारला पुढे बोलावलंत आणि सभेला सांगितलंत की या भावाने देवाच्या राज्यासाठी बाप सोडला. सगळे आमेन म्हणाले. टाळ्या पडल्या. ओमकार माईकसमोर उभा होता, त्याला काही बोलता येईना, तर तुम्ही म्हणालात, “आत्म्याने भरून आलाय.” कोणीतरी त्याचा व्हिडिओ केला, मागे संगीत घातलं आणि सगळीकडे पाठवला. फिरत फिरत तो ज्ञानेश्वरीकडे गेला. तिने मला फोन केला. रडली नाही, ओरडली नाही. एवढंच म्हणाली, “वहिनी, बाबांना सोडलं म्हणून टाळ्या वाजवतात काय गो तुमच्यात?”

मी फोन ठेवला. 

तेव्हापासून ओमकार रविवारी येतो, बसतो, पण गात नाही. तुमच्या लक्षात आलं नसेल, तुम्ही पहिल्या रांगेकडे बघून बोलता. टेंपो धुताना, भाजी निवडताना, कधीही मध्येच विचारतो, “मी बरोबर केलं ना, राही?” मी हो म्हणते. त्याला ते पुरत नाही, म्हणून परत विचारतो. दमलोय आम्ही या प्रश्नाने. घरात दोन माणसं आणि एक लहान पोर, पण चौथं कोणीतरी सतत बसलेलं असल्यासारखं वाटतं.

एका दुपारी मी बायबलमधला लूक उघडला. नववा अध्याय. ते वचन आपण भिंतीवर लावतो, व्हॉट्सअपला टाकतो, तसं एकटं नाही वाचलं. वरपासून वाचलं. वरपासून वाचलं तर त्यात रस्ता आहे. येशू आणि त्याची माणसं वाटेने चाललीत. एका गावाने त्यांना उतरू दिलं नाही, म्हणून दुसऱ्या गावाला निघालेत. वाटेत एक जण येतो आणि आपणहून म्हणतो, मी तुझ्यामागे येतो. दुसऱ्याला येशूच म्हणतो, ये. तर तो म्हणतो, आधी मला बापाला पुरायला जाऊ द्या.

मी तिथे थांबले. पुन्हा वाचलं. हा माणूस रस्त्यावर काय करतोय?

त्या देशातसुद्धा माणूस गेलं की त्याच दिवशी पुरत. हे मला कोणी शिकवायला नको, त्याच पुस्तकात जागोजाग आहे. घरात प्रेत असताना मुलगा रस्त्याने येणाऱ्या-जाणाऱ्यांशी बोलत उभा राहील? आमच्या वाडीत उभा राहील काय? तुमच्या गावात राहील? बाप गेलेला माणूस रस्त्यावर नसतो. खांबाला टेकून बसलेला असतो.

म्हणजे त्याचा बाप जिवंत होता. तो म्हणत होता, बापाचं होऊ दे, मग बघू.

हे तर आमच्याकडे रोज कानावर पडतं. माझ्या भावाला मुंबईला खोली मिळत होती. म्हणाला, अण्णांचं झालं की जातो. अण्णा अजून नारळाच्या झावळ्या ओढतात आणि भाऊ पन्नाशीला आला. आंब्याच्या बागांच्या वाटण्या म्हाताऱ्यांसाठी अडकतात, पोरांची लग्नं म्हाताऱ्यांच्या मर्जीसाठी अडकतात. ‘आधी बापाचं होऊ दे’ म्हणजे आता नको. त्या माणसाला येशू म्हणाला, ती सबब चालायची नाही. कडक बोलला. असेल. पण जिवंत बापाच्या आड लपणाऱ्याला बोलला.

आणि मग मला आठवलं. ओमकारनेही अगदी हेच म्हटलं होतं. आम्ही नवीन यायला लागलो तेव्हा. पास्टर सुधाकरांनी बाप्तिस्म्याचं विचारलं तर म्हणाला, “बाबा आहेत तोवर नको. त्यांना सहन नाही होणार. बाबांचं झालं की घेतो.” तेव्हाही पास्टरांनी त्याला हेच वचन सांगितलं होतं. आणि तेव्हा ते नेमकं बसलं होतं! ओमकार रात्रभर जागा होता. मग गावी गेला, बापासमोर उभा राहिला आणि सांगितलं, मी बाप्तिस्मा घेतोय. बाबा त्याच्याशी सगळा पावसाळा बोलले नाहीत. गणपतीला बोलायला लागले. म्हणाले, “जेव तरी.”

म्हणजे ते वचन त्याने पाळून झालं होतं, साहेब. जिवंत बापाच्या तोंडावर पाळून झालं होतं. सरलेल्या दुखण्याचं औषध तुम्ही बऱ्या माणसाला पाजलंत, आणि गाडीतून.

अजून दोन अध्याय मागे जा. त्याच लूकमध्ये एक अंत्ययात्रा आहे. विधवेचा मुलगा गेलाय, सगळं गाव बरोबर चाललंय. येशू समोरून येतो. त्या आईला बघून त्याला गलबलून येतं. तो विचारत नाही, मुलगा विश्वासात होता का. आपला पुढे होतो आणि तिरडीला हात लावतो. ज्याच्या नावाने तुम्ही ओमकारला बसवलंत, त्याने तिरडीला हात लावला.

तरी मला वाटलं, आपण दहावी शिकलेलो, उगाच शहाणपणा नको. विमलाबाईंनी मला जुन्या चर्चच्या एका निवृत्त पाद्र्यांकडे नेलं. थकलेले गृहस्थ. मी सांगितलं ते सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, “तू म्हणतेस तसा अर्थ लावणारे आहेत. दुसरे म्हणतात, त्या काळी वर्षभराने हाडं गोळा करून दगडी पेटीत ठेवत, तो त्या दुसऱ्या पुरण्याबद्दल बोलत असेल. आणि काही म्हणतात, हे कठोर आहे, कठोरच राहू द्या, मऊ करू नका.”

“मग खरं काय?” मी विचारलं.

“बाई, मी त्या रस्त्यावर नव्हतो,” ते म्हणाले. “पण एक सांगतो. बाप खाटेवर नाव घेतोय आणि मुलाने उपासाला बसावं, असं यातला कोणीच म्हणत नाही.”

मग त्यांनी मार्कचा सातवा अध्याय काढून दिला. तिथे देवाधर्माची मोठी माणसं येशूसमोर बसलीत. त्यांचा एक नियम होता. आईबापाला जे द्यायचं ते ‘देवाला वाहिलं’ म्हटलं की झालं, मग आईबापाला द्यायला नको. येशू त्यांना म्हणतो, तुम्ही तुमच्या नियमाने देवाची आज्ञा गुंडाळून ठेवलीत. मी ते वाचलं आणि मला तुमची गाडी दिसली.

“लोकांना तुकडा आवडतो,” पाद्री म्हणाले. “अध्याय वाचायचा कंटाळा. आयुष्यभर हेच सांगितलं मी. विमला तेव्हाही झोपायची.”

“तुम्ही फार हळू बोलायचात,” विमलाबाई म्हणाल्या.

घरी आले, पण ओमकारला सांगवेना. का ते तुम्हाला कळेल का? तुम्ही म्हणता तसं असेल तर तो परीक्षेत टिकलेला माणूस आहे. मी वाचलं तसं असेल तर तो नुसता न आलेला मुलगा आहे. त्याला उभं राहायला तुम्ही दिलेली ती एकच फळी आहे. कुजकी असली तरी ती पायाखालून मी कशी काढू?

पण आता गप्प बसायची सोय राहिली नाही. ज्ञानेश्वरीची रजा संपली. ती सोमवारी मुंबईला जाणार. आई एकट्या पडणार. आईंनी निरोप दिलाय की मी कुवारबावला येते तुमच्याकडे. त्यांनी स्वतःच फोन केला होता. म्हणाल्या, “माझं देव मी पुतन्याच्या घरी ठेवते. तुमच्यात अडचन नको. एक कोपरा दे फक्त.” ज्या बाईच्या नवऱ्याला तुम्ही जिवंतपणी मेलेला ठरवलंत, तिने आपले देव सुद्धा मागे ठेवायची तयारी केली. कोणी न सांगता.

ओमकारने हो म्हटलं नाही आणि नाही म्हटलं नाही. मग परवा दुपारी जेवण झाल्यावर मी सांगितलं.

“ओमकार, त्या माणसाचा बाप मेलेला नव्हता.”

“कुठल्या माणसाचा?”

“तुझ्या वचनातल्या.”

मी सगळं सांगितलं. रस्ता, खांब, अण्णांच्या झावळ्या.  बायबल त्याने स्वतः ओढून घेतलं आणि बोटाने ओळी धरत वाचलं, मग मागे जाऊन ती अंत्ययात्रा वाचली. 

“म्हणजे मी बाप्तिस्मा घेतला,” तो म्हणाला, “तेव्हाच झालं होतं हे.”

“हो.”

“मग त्या शुक्रवारी काय होतं?”

मी ताटं उचलायला लागले.

“तू मला बरं वाटावं म्हणून सांगतेयस.”

“बरं वाटतंय तुला?”

“नाही.” आणि तो हसला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसला, आणि ते हसू बघवत नव्हतं. “पटतंय मला. पण माझ्या पटण्याला काय किंमत आहे गो? उद्या मला वाटेल, आपल्याच सोयीचं वाचलं. मला ‘बस’ ज्यांनी सांगितलं ना, त्यांनीच ‘ऊठ’ म्हणायला हवं. मग मी जाईन आईला आणायला.”

“आई तुझी आहे, त्यांची नाही.”

“बाप पण माझाच होता,” तो म्हणाला.

काल मी पास्टर सुधाकरांकडे गेले. ते म्हणाले, “बहीण, साहेबांसारख्या अभिषिक्तांना प्रश्न करू नयेत.” मी म्हटलं, त्याचाही अध्याय काढू का? तेव्हा त्यांनी दाराकडे बघितलं आणि आवाज खाली आणून म्हणाले, “मला पण वाटलं होतं जाऊ दे म्हणून. पण विचारून बसलो ना. एकदा विचारल्यावर कसं मोडणार?” त्या माणसाची मला कीव आली. पाळक आहेत, आणि एक मेंढरू आपल्या बापाकडे सोडायला त्यांना परवानगी लागते. तुमच्या ऑफिसला फोन केला तर कोणीतरी म्हणालं, साहेब अधिवेशनात आहेत, प्रश्न असेल तर लिहून द्या. लिहून दिलाय.

मी मंडळी सोडून जाणार नाही. ते सोपं आहे, आणि तुम्हालाही सोपं आहे. येशूवरचा माझा विश्वास उडालेला नाही, उलट तो अध्याय वरपासून वाचल्यावर मला तो पहिल्यांदा वाटेने चालताना दिसला, धुळीचा, दमलेला, कोणी उतरू न दिलेला. मला त्याच्याबद्दल तक्रार नाही. तक्रार तुमच्याबद्दल आहे. तुम्ही त्याच्या तोंडचे चार शब्द उचललेत आणि ते कोणाला, कुठे, कशासाठी म्हटले ते रस्त्यातच टाकून दिलंत.

सोमवार परवावर आलाय. ओमकारने टेंपो धुऊन ठेवलाय. आईंची ट्रंक आणि गादी मावेल अशी जागा केलीय. पण तुमचा शब्द आल्याशिवाय तो निघणार नाही, आणि त्या अंगणात मी एकटी दुसऱ्यांदा उभी राहणार नाही.

तेव्हा मला प्रवचन नको, आशीर्वाद नको, माझ्यासाठी प्रार्थना तर मुळीच नको. त्याला फोन करा. गाडीतून नको, कुठेतरी बसून करा, आणि दोन गोष्टी सांगा. त्या शुक्रवारी त्याने बापाकडे जायला हवं होतं की नव्हतं? आणि परवा त्याने आईकडे जावं की नाही?

हो की नाही, साहेब? बोला.